यादीतली एकोणीस नावं

गुणवंतराव कोरे रोज सकाळी पावणेआठला डबा उचलत, आणि रोज त्याच वेळी विजयालक्ष्मीबाई विचारत, "बळवंताचा फोन आला का हो?"

"नाही."

"भाऊबीजेला आला नाही. संक्रांतीला नाही. आता जानेवारी संपत आला."

"सीझन असेल त्याचा. चादरी-दऱ्यांना थंडीतच मागणी असते," असं म्हणून गुणवंतराव बूट चढवत. हे उत्तर गेल्या वर्षी खरं होतं, म्हणून त्यांनी यंदाही तेच चालवलं होतं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला जुनं उत्तर नव्या तारखेला वापरायची सवय लागते.

बळवंत हा विजयालक्ष्मीबाईंचा धाकटा भाऊ. माहेर सोलापूरचं, विणकराच्या घरचं. तिकडचा कारखाना बसला तेव्हा बळवंत यंत्रमागाचं ज्ञान तेवढं डोक्यात घेऊन पानिपतला आला होता. "अडीचशे वर्षांनी एक मराठी माणूस पानिपतला निघालाय, तोही चादरी विकायला," अशी थट्टा सगळ्यांनी केली होती. पण गडी जिद्दीचा. वीस वर्षांत आठ मागांचा दऱ्यांचा, म्हणजे सतरंज्यांचा, कारखाना उभा केला, बावीस माणसं कामाला ठेवली. दर भाऊबीजेला दिल्लीला यायचा आणि ओवाळणीच्या ताटात पैसे न टाकता स्वतःच्या मागावरची दरी ठेवायचा. "अक्का, पाकीट कोणीही देतो," म्हणायचा. यंदा मात्र फोनवरून पाचशे एक रुपये आले होते. विजयालक्ष्मीबाईंनी ते अजून खर्च केले नव्हते.

गुणवंतराव दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. कोणत्या, ते सांगून उपयोग नाही. सगळ्या मंत्रालयांतले जिने आणि चहा सारखेच असतात. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांच्या टेबलावर मोठ्या उद्योगांना दिल्या जाणाऱ्या करसवलतींची प्रकरणं येत. कंपनी म्हणे, आम्ही येऊ, इतका माल काढू, इतक्या हातांना काम देऊ, त्या बदल्यात कर माफ करा. गुणवंतराव त्यावर टिपण लिहीत. टिपण वर जाई, सही होऊन खाली येई.

पाच वर्षांपूर्वी पानिपतजवळ असाच एक मोठा कारखाना आला. पडदे, चादरी, टॉवेल, सगळं एका छपराखाली. केंद्रानं पाच वर्षं कर माफ केला, राज्यानं जमीन स्वस्तात दिली, विजेवरचं शुल्क सोडलं. टिपण गुणवंतरावांचंच होतं. कंपनीच्या सादरीकरणात चार हजार नोकऱ्या लिहिल्या होत्या, त्यांनी चार हजार लिहिल्या. 'परिसरातील लघुउद्योगांना कामे देण्यात येतील' असंही त्यात होतं, तेही त्यांनी जसंच्या तसं उतरवलं. नोकऱ्या दिल्या नाहीत तर माफ केलेला कर परत घ्यायची अट त्यांनी आधी घातली होती. ती वरून आलेल्या एका फोननंतर काढली गेली. "नंतर घालू," असं ठरलं. सरकारात 'नंतर' नावाचं कपाट असतं, त्याची किल्ली कोणाकडेच नसते.

इथवरचं पाप शेकडो लोक करतात. गुणवंतरावांनी पुढे जे केलं ते मात्र फक्त सरकारी माणूसच करू शकतो. त्यांनी स्वतःच्या टिपणावर विश्वास ठेवला. जगातल्या कुठल्याही थापेला न भुलणारा हा माणूस, कागदावर आपल्याच हातचं वाक्य दिसल्यावर भुलला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला जेवताना ते बळवंताला म्हणाले होते, "मोठी कंपनी येतेय. तुमच्यासारख्यांना कामं मिळणार. चार माग वाढवून ठेवा."

"नक्की का दाजी?"

"अहो, फायलीत आहे."

बळवंतानं कर्ज काढून चार माग वाढवले होते.

आता त्या कंपनीची पाच वर्षं मार्चअखेर संपत होती आणि आणखी पाच वर्षांच्या माफीचा अर्ज आला होता. सोबत अत्यंत नम्र भाषेतली एक धमकी होती. सवलत न वाढल्यास अन्य देशातल्या पर्यायांचा विचार करावा लागेल.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे सहज सांगितलं तेव्हा विजयालक्ष्मीबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा तर दर पाच वर्षांनी रुसतो. आधी जमीन, मग वीज, मग कर. मुलीचा बाप देतोय आपला."

"रुसतो म्हणजे, आई?" केतकीनं विचारलं. केतकी दिल्लीत जन्मलेली, गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला. तिची मराठी घरातल्या घरात वाढलेली.

"नाराज होऊन बसतो. काहीतरी मिळेपर्यंत उठत नाही."

"अच्छा. पण बाबा, फेअर बघा ना. माझी कंपनी पण टॅक्स ब्रेकवरच इथे आली. नाहीतर मी कुठे जॉब केला असता? आपण नाही दिलं तर दुसरा देश देईल. मग जे आहेत ते जॉब्स पण गेले."

"तेच तर," गुणवंतराव म्हणाले. त्यांना या प्रश्नाचं उत्तर कधीच सापडलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी शोधलंही नव्हतं. टिपणात त्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ खुराना साहेबांनी बोलावलं. "कोरे जी, पुरानी नोटिंग उठाइए, तारीख बदलिए, पुट-अप कीजिए. मार्च से पहले निकालना है."

"सर, चार हजार नोकऱ्या म्हटल्या होत्या..." एवढं मराठीत तोंडातून निसटलं. मग सावरून म्हणाले, "सर, एम्प्लॉयमेंट वेरिफाय नहीं हुआ है."

"लिस्ट लगी है ना? लिस्ट लगी है तो वेरिफाय हो गया."

यादी खरंच होती. चार हजारांची नव्हे, तेराशे बारा नावांची. बाकीचे 'अप्रत्यक्ष' होते, म्हणजे ज्यांना स्वतःलाही माहीत नसतं की आपल्याला रोजगार मिळालाय. अशा यादीची पहिली आणि शेवटची पानं बघायची पद्धत असते. त्या दुपारी संगणक मंद चालत होता, पानं आपोआप मधेच थांबत होती. असंच एक पान थांबलं. क्रमांक अकराशे सात. बळवंत नारायण येलदी. वय बावन्न. सुरक्षा रक्षक, कंत्राटी. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नवनिर्मित रोजगार'.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. दुसरा कोणी असेल, असं मनाशी म्हणाले. पण सासऱ्यांचं नाव नारायण होतं, आणि येलदी आडनावाची माणसं पानिपतात किती असणार?

त्यांनी डायरी काढली आणि विणकाम, पॅकिंग आणि सुरक्षा या तीन विभागांची नावं हातानं उतरवून घेतली. अशी यादी बाहेर नेणं नियमात बसत नाही. तीस वर्षांत नियम मोडायची ही पहिलीच वेळ होती.

शनिवारी ते पानिपतला गेले. "कुठे निघालात?" या प्रश्नाला "काम आहे" एवढंच उत्तर दिलं. विजयालक्ष्मीबाईंनी डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

आधी ते बळवंताच्या गल्लीत गेले. कारखान्याला कुलूप होतं. शटरवर कुणीतरी शिकवणीच्या वर्गाची जाहिरात चिकटवली होती, तिचाही रंग उडायला आला होता. शेजारचा कारखाना बंद, त्याच्या पलीकडचाही. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बळवंत भाई? वो तो कंपनी के गेट पे मिलेंगे, जी."

कंपनीच्या फाटकाशी धुक्यात एक गणवेशातला माणूस ट्रकचे नंबर वहीत लिहीत होता. कानावर मफलर, पायांत ढगळ बूट. मान वर न करता तो म्हणाला, "किससे मिलना है?"

"बळवंतराव, तुम्हालाच."

पेन थांबलं. बळवंतानं वर पाहिलं, आणि आधी काय करावं तर सवयीनं हात कपाळाकडे नेला. सलाम अर्ध्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की समोर मेहुणा आहे. तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्यानं मफलर नीट केला.

"दाजी. अक्का बरी आहे ना?"

"बरी आहे. तुमची वाट बघते."

"तिला यातलं काही सांगू नका. पाया पडतो."

रक्षकाच्या टपरीवजा खोलीत दोघे बसले. बळवंत तुटक बोलत होता. "कंपनीनं बाहेर काम दिलंच नाही दाजी. एकदा सुद्धा. सगळं आत करतात. माझी दरी अडीचशेला पडायची. वीज पूर्ण दरानं, कर पूर्ण. त्यांची दीडशेला बाजारात. मी चार महिने तोट्यात विकली. मग पोरं जायला लागली. अडवू कुठल्या तोंडानं? पगार थकला होता. घर फिरलं की घराचे वासे पण फिरतात, पण माझ्या पोरांनी तसं नाही केलं हो. जो तो विचारून गेला. शेवटी माग भंगारात घातले. कर्ज अजून चाललंय."

"मला एक फोन..."

"काय सांगणार? तुम्ही म्हणालात म्हणून माग वाढवले, असं? तुम्ही चांगल्यासाठीच बोललात."

गुणवंतरावांना वाटलं, यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी डायरी काढली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. सवलत वाढवायचं टिपण आपल्याच टेबलावर आहे, ही यादी त्यातलीच आहे, आणि आपल्याला या वेळी खरं काय ते लिहायचंय.

बळवंत घाबरला. चांगलाच घाबरला. "दाजी, असं काही करू नका. सवलत बंद झाली तर कंपनी निघून जाईल. आमचे मॅनेजर रोज तेच म्हणतात. माझं एक वेळ सोडा, आत ती पोरं आहेत. माझा कारखाना तर गेला. आता हा पण घालवता का?"

फाटकात ट्रक आला. बळवंत उठला, नंबर लिहिला, दोर खाली सोडला, परत आला. गुणवंतराव डायरी मिटायच्या बेतात होते. ज्याचं घर बुडालं तोच हात जोडून बुडवणाऱ्याची बाजू घेत होता, आणि त्याचं चूकही नव्हतं. गेली पाच वर्षं सरकारनं, म्हणजे पर्यायानं गुणवंतरावांनी, त्याला दुसरा दरवाजाच ठेवला नव्हता.

मग बळवंताची नजर उघड्या पानावर गेली. "हे काय? सुखबीर इथे कसा?"

"विणकाम विभाग. नवनिर्मित रोजगार."

"नवनिर्मित?" बळवंतानं डायरी ओढून घेतली. "याला मी काम शिकवलं. सोळा वर्षं होता माझ्याकडे. आणि हा रमेश. हा इस्लाम. हा तर पहिल्या दिवसापासून." खिशातलं, ट्रकचे नंबर लिहायचं पेन त्यानं काढलं आणि एकेका नावापुढे खूण करू लागला. "हा माझ्याकडचा. हा पण. हा... हा पण माझाच." पान उलटताना त्याचा आवाज बदलत गेला. एकोणीस खुणा झाल्या. मग सुरक्षा विभागाचं पान आलं आणि स्वतःचं नाव दिसलं. तिथे त्यानं खूण केली नाही.

"मी बावीस जणांना काम देत होतो दाजी," तो म्हणाला. "आणि यांच्या यादीत मी पण यांनीच दिलेली नोकरी आहे?"

गुणवंतरावांनी मान डोलावली.

"लिहा तुम्हाला काय लिहायचंय ते," बळवंत म्हणाला आणि फाटकाकडे गेला.

घरी पोचले तेव्हा केतकी बाहेर गेली होती. विजयालक्ष्मीबाईंनी चहा पुढे ठेवला. "भेटला?"

"कोण?"

"अहो, पस्तीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या भावानं ताटात दरी न ठेवता पैसे पाठवले, तेव्हाच मला कळलं माग गेले म्हणून. तुम्ही काय सांगणार मला?"

मग गुणवंतरावांनी सगळं सांगितलं. अट काढली होती तेही, आणि माग वाढवायला आपण कसं सांगितलं तेही. "खरं लिहिलं तर मागचं टिपणही माझंच आहे, हे लिहावं लागेल. चौकशी लागू शकते. पेन्शन अडकू शकते. आणि बळवंताची उरलीसुरली नोकरी जाऊ शकते."

विजयालक्ष्मीबाई दमल्या आवाजात म्हणाल्या, "त्याची नोकरी गेली तर इथे राहील. चौदा महिने क्वार्टर आहे, पुढचं पुढे. पण तुम्ही परत तेच लिहिलंत ना, तर येत्या भाऊबीजेला त्याला ओवाळताना मी वर कशी बघू?"

मंत्रालयात आता कागदी फायली नाहीत. पडद्यावर टिपण पिवळं असतं तोवर कच्चं. वाटेल तितकं खोडा. एकदा हिरवं केलं की ते पक्कं, मग मंत्र्यालाही पुसता येत नाही. सोमवारी गुणवंतरावांनी पिवळ्या टिपणात लिहिलं, की चार हजारांऐवजी तेराशे बारा नावं आहेत. त्यांतल्या वीस नावांची माहिती आपण स्वतः जाऊन घेतली. एकोणीस जण एकाच बंद पडलेल्या लघुउद्योगातले जुने कामगार आहेत आणि विसावा त्या उद्योगाचा मालक आहे. तो आपला मेहुणा आहे, म्हणून ही माहिती दुसऱ्या अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासून घ्यावी. मागील टिपण आपलेच होते, ते तपासणी न करता लिहिले, ही आपली चूक आहे. पूर्ण चौकशी होईपर्यंत सवलत वाढवू नये, आणि वाढवायचीच असल्यास नोकऱ्या न दिल्यास कर वसूल करण्याची अट घालावी.

दहा मिनिटं ते पिवळ्या पडद्याकडे बघत बसले. त्या दहा मिनिटांत त्यांनी पेन्शनचा विचार केला, केतकीच्या लग्नाचा केला, आणि कपाळाकडे निघून अर्ध्यावर थांबलेल्या त्या हाताचा केला. मग टिपण हिरवं केलं.

खुराना साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं. "ये क्या कर दिया, कोरे जी? हरा करने से पहले पूछ तो लेते. चौदह महीने बचे हैं आपके."

"पूछता तो आप मना कर देते, सर."

"इससे होगा क्या?"

"शायद कुछ नहीं, सर."

आणि तसंच झालं. टिपणाला 'नोंद घेतली' असा शेरा मिळाला आणि फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. हे काम अकरा दिवसांत झालं. सवलत पाच वर्षांनी वाढली, विनाअट. गुणवंतरावांची बदली जुन्या अभिलेखांच्या कक्षात झाली. तिथे खिडकी नव्हती, कामही फारसं नव्हतं. चौकशीचं पत्र आलं, त्याला त्यांनी उत्तर दिलं.

मार्चमधल्या एका रविवारी केतकी मोबाइलवर बातमी वाचत होती. "बाबा, हे बघा. करसवलतीमुळे चार हजार रोजगार कायम." ती थांबली. तिच्या लक्षात आलं. "यात मामा पण आहे?"

"हो. मामा पण आहे."

केतकीनं फोन उलटा ठेवला. तिला आपल्या ऑफिसची चकचकीत इमारत आठवली, आणि ती उभी राहिली तेव्हा कुठे कुणाचं शटर खाली आलं असेल, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा मनात आणलं. वाचकहो, तुम्हीही असे आकडे रोज वाचता. चार हजार, दहा हजार. त्यातला प्रत्येक जण काल काय करत होता, हे विचारायला एक पैसाही कर पडत नाही. तरी आपण विचारत नाही.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. बळवंताचा होता.

"दाजी, लिहिलंत?"

"लिहिलं. तरी मिळाली त्यांना."

"म्हणजे माझी नोकरी राहिली."

"राहिली."

यावर खूश व्हावं की रडावं, हे दोघांनाही समजत नव्हतं.

"ती डायरी आहे ना अजून तुमच्याकडे?" बळवंतानं विचारलं. "माझे एकोणीस झाले. पण आमच्या गल्लीतले दोन्ही कारखाने बंद पडलेत, त्यांची माणसं पण त्या यादीत असणार. मालकांना मी ओळखतो. पुढच्या वेळी फाइल उघडेल तेव्हा नावं तयार असावीत. मला आता शनिवारी सुट्टी असते."

गुणवंतराव थकले होते. पाच वर्षांनी ती फाइल उघडेल तेव्हा ते सरकारात नसतील. कदाचित कुठेच नसतील. तरी ते उठले, कपाटातून डायरी काढली आणि शनिवारच्या पहिल्या गाडीची वेळ तिच्यात लिहिली. विजयालक्ष्मीबाईंनी फोन आपल्याकडे घेतला.

"बळवंता," त्या म्हणाल्या, "डबा पाठवते यांच्याबरोबर. तुझाही."